चौथ्या सिलिंडरची रिंग

एव्हेलिओ मानफ्रेदींच्या घरात तीन आठवडे जेवताना पिस्टनच्या रिंगांशिवाय दुसरा विषय नव्हता. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधण्यात त्यांचा जन्म गेला होता, तोही बिडाच्या जाड रिंगा बसवत. पण मुलगी ग्रिसेल्दा रोसारिओहून इंजिनिअर होऊन आली आणि पातळ पोलादी रिंगांसाठी अडून बसली. पातळ रिंग कमी घासते, इंजिन मोकळं पळतं. शेवटी एव्हेलिओंनी मान तुकवली. त्यांच्या बायकोला, नेलिदाला, वाटलं, सुटलो एकदाचे.

सुटतात कसले. अशा रिंगा मुद्दाम जरा मोठ्या येतात. टोकांमध्ये किती फट ठेवायची ते बांधणाऱ्यानं ठरवून घासायचं. कमी ठेवली तर तापल्यावर टोकं भिडतात, रिंग अडकते आणि सिलिंडर ओरबाडून निघतो. जास्त ठेवली तर दाब निसटतो आणि गाडी मागं राहते. एव्हेलिओ म्हणाले, मिलिमीटरचे चाळीस शतांश. ग्रिसेल्दा म्हणाली, पंचावन्न.

“रिंग तुझ्या मनासारखी घेतली. आता फट माझ्या मनासारखी.”

“अशी वाटणी इंजिनाला कळत नाही, बाबा.”

बुधवारी एव्हेलिओंनी सहाही सिलिंडरच्या वरच्या रिंगा चाळीसला घासल्या आणि नंबर घालून खिळ्यांना टांगल्या. त्या दिवसापासून बापलेकीत अबोला. मीठसुद्धा नेलिदामार्फत मागितलं जाऊ लागलं.

रविवारच्या शर्यतीला अडतीस डिग्री ऊन सांगितलं होतं. गाडी चालवणार होता ग्रिसेल्दाचा मावसभाऊ लिसांद्रो, आणि नुकतीच त्याला मुलगी झाली होती. गुरुवारी दुपारी वडील झोपल्यावर ग्रिसेल्दानं सहाही रिंगा पंचावन्नला नेल्या. अपराध्यासारखं वाटलं, पण नेल्या.

इकडे एव्हेलिओही रेडिओवर उन्हाचंच ऐकत होते. पोरीचं बरोबर आहे, हे त्यांना मनात पटलं; तोंडानं म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शुक्रवारी सकाळी ती बाहेर गेल्याचं पाहून त्यांनी आधी चौथ्या सिलिंडरची रिंग खिळ्यावरून काढली, कारण तो सगळ्यांत जास्त तापतो. पंधरा शतांश घासायचे. त्यांच्या हाताला तेवढ्यासाठी आधी मोजायची गरज नव्हती. घासून झाल्यावर रिंग सिलिंडरमध्ये बसवून फटीत मापाची पाती घातली. सत्तर.

चष्मा पुसून त्यांनी पुन्हा मोजलं. सत्तरच. बाकीच्या पाच रिंगांना हात लावायची त्यांची छाती झाली नाही. ते स्टुलावर बसले आणि बराच वेळ उजव्या हाताकडे पाहत राहिले. ज्या हातावर घर उभं राहिलं, तो हात गेला होता.

तासाभरानं ग्रिसेल्दानं इंजिन जोडण्याआधी रिंगा तपासल्या. चौथी सत्तर. तिला वाटलं, चोरून, घाईघाईत घासताना आपलाच हात चुकला. तीही कुणाला बोलली नाही.

दुपारी ती दात दाखवायला म्हणून बसनं पेर्गामिनोला निघाली. थोड्या वेळानं एव्हेलिओ कान दाखवायला म्हणून गाडी घेऊन त्याच गावी निघाले. तिथल्या फेर्मिनच्या सुट्या भागांच्या दुकानात ते शिरले, तर मुलगी काउंटरपाशी उभी.

फेर्मिननं एक छोटी पुडी समोर ठेवली. “दोघांनाही हीच हवी असणार. एकच आहे.”

एव्हेलिओंनी टोपी काढली. “माझा हात गेला, पोरी. चौथी रिंग मी बिघडवली.”

“तुम्ही नाही, मी. तुम्ही झोपला होता तेव्हा सगळ्या पंचावन्न केल्या.”

एव्हेलिओंनी टोपी काउंटरवर ठेवली. रागावतील म्हणून तिनं मान खाली घातली. पण ते मनातल्या मनात बेरीज करत होते.

“पंचावन्न? नक्की?”

“नक्की.”

“म्हणजे मी घासले ते पंधराच,” ते हळूच म्हणाले. “बरोब्बर पंधरा.” त्यांचे डोळे भरून आले होते.

पुडी उचलायला दोघांचे हात एकदमच पुढे झाले, तशी फेर्मिननं ती मागं ओढली. नेलिदावहिनींचा फोन येऊन गेला होता. स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यामध्ये एकच पातळ भिंत; घासण्याचा आवाज त्यांनी आदल्या दुपारीही ऐकला होता आणि त्या सकाळीही. त्यांचा निरोप होता की आकडा एकमतानं ठरेपर्यंत रिंग कुणाच्याच हातात द्यायची नाही.

“पंचावन्न,” एव्हेलिओ म्हणाले. ती नवी रिंग घरी येऊन त्यांनीच घासली, आणि ग्रिसेल्दानं मोजली.

रविवारी त्या उन्हात दोन नावाजलेली इंजिनं अडकून बंद पडली. लिसांद्रो पाचवा आला, हसत उतरला. संध्याकाळी अंगणात मांस भाजत असताना त्या बंद पडलेल्यांपैकी एका गाडीचा मिस्त्री आला आणि अदबीनं एव्हेलिओंना विचारू लागला, फट किती ठेवली होती. बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं.

नेलिदा कांदा चिरत होती. मान वर न करताच ती म्हणाली, “फट कितीही ठेवा. घासणारा तेवढा एकच ठेवा.”