गर्जे सरांची अडलेली जाहिरात

अनोळखी माणसाकडे भर बसस्टँडवर त्याचा मोबाईल मागायचा, हे काम आमच्या गर्जे सरांशिवाय नगरमध्ये दुसरं कुणी करत असेल असं मला वाटत नाही. "जरा मोबाईल द्या हो, दोन मिनिटं," एवढंच म्हणतात आणि हात पुढे करून उभे राहतात. आवाजात इतकी खात्री असते की समोरचा आधी मोबाईल देतो आणि मग घाबरतो. एकदा अशाच एका घाबरलेल्या प्रवाशाने आरडाओरडा केला, माणसं जमली, हवालदार आला. सरांनी हवालदाराकडेही मोबाईल मागितला. आणि त्यानेही तो दिला!

सर चोर नाहीत. ते आमच्या ऑफिसात जाहिराती चालवतात. आमचं बातम्यांचं एक संकेतस्थळ आहे. जिल्ह्यातल्या घडामोडी, बाजारभाव, कुणाची निवड, कुणाचा वाढदिवस, असं सगळं त्यावर असतं. मी जाहिराती मिळवते आणि गर्जे सर त्या सर्व्हरवर चढवतात. कोणत्या वाचकाला कोणती जाहिरात दाखवायची ते हा सर्व्हर ठरवतो. सर त्याला 'वाढपी' म्हणतात. आता लग्नाच्या पंगतीत होतं तेच इथेही होतं. कुणाच्या तरी पानात जिलेबी पडत नाही आणि तो तडक मला फोन लावतो, "मॅडम, आमची जाहिरात दिसंना!"

अशा वेळी ऑफिसात कुणी "सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल" असं नुसतं पुटपुटलं तरी सर खुर्ची मागे सारून उभे राहतात. "वाढपी चुकत नाही. वाढप्याला सांगणारा चुकतो. जाहिरात रुसत नाही मॅडम, तिला कुणीतरी अडवलेलं असतं. अडवणारा शोधा." मग बोटांवर मोजायला लागतात. "तारीख? ठिकाण? माप? वजन?" जाहिरात कधीपासून दाखवायची, कुठल्या गावच्या लोकांना, चौकटीत बसते का, आणि फाईल फार जड तर नाही ना. या चार नाक्यांवर जगातली प्रत्येक अडलेली जाहिरात सापडते, असं सरांचं म्हणणं.

"आणि चारही नाके बरोबर निघाले तर?" मी एकदा विचारलं.

"तर मग तुम्ही खोटं बोलताय."

राहता राहिला मोबाईलचा प्रश्न. ऑफिसातल्या संगणकावर दिसलेली जाहिरात सरांच्या लेखी दिसलेलीच नसते. "घरच्या माणसाला वाढपी हात सैल सोडून वाढतो. अनोळखी पानात काय पडतं ते बघा." म्हणून मोठी जाहिरात सुरू झाली की सर बसस्टँड गाठतात.

शिर्डीचे एक लॉजवाले रोज सकाळी तक्रार करायचे. जाहिरात थोडा वेळ दिसते आणि गायब होते. सरांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "शेठ, तुम्ही सकाळपासून किती वेळा पाहिली?" शेठ म्हणाले, उठल्यापासून पाहतोच आहे. "तेच सांगतो. एका माणसाला दिवसात तीनदाच दाखवायची, असं ठरलेलं आहे. तुम्ही तिन्ही वेळा स्वतःच पाहून टाकता. तुम्ही स्वतःच्या लॉजवर मुक्कामाला जाणार आहात का? नाही ना? मग भक्तांना पाहू द्या!" आणि फोन ठेवला. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. पण शेठनी पुढच्या वर्षीही जाहिरात दिली, आणि फोन मात्र मलाच करायचा, सरांना द्यायचा नाही, एवढी अट घातली.

पारनेरच्या ट्रॅक्टरवाल्याची गोष्ट तर आम्ही अजून सांगतो. त्यांनी जाहिरात म्हणून दुकानाच्या उद्घाटनाचा फ्लेक्सच जसाच्या तसा पाठवला. वर देव, मध्ये ट्रॅक्टर, आणि चहूबाजूंनी शुभेच्छुकांचे चेहरे. फाईल इतकी जड की सर्व्हर घेईना. सर म्हणाले, "वजन जास्त होतंय. माणसं उतरवा."

"कुनाला उतरवू सायेब? समदे घरचेच हायेत."

"हे कोपऱ्यात टोपीवाले कोण?"

"मामा."

"मामा उतरवा."

"दुकानाची जागाच मामाची हाय हो!"

शेवटी सरांनी शुभेच्छुकांना रांगेने उतरवलं. मामा आणि ट्रॅक्टर राहिले. जाहिरात सुरू झाली. दुकानात आता लोक मामांना ओळखतात म्हणे.

एवढा खात्रीचा माणूस घरात कसा असेल, असं तुम्हाला वाटेल. घरात कुणी नाहीच. सावेडीत खोली करून एकटे राहतात, दुपारी मेसचा डबा खातात. भाजी अळणी निघाली तर मेसवाल्या काकूंनाही फोन करून मीठ नेमकं कुठल्या टप्प्यावर राहिलं ते विचारतात. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणतात, "माझ्या मापाची चौकट निघाली नाही." मूळचे तिसगावकडचे, पाथर्डी तालुक्यातले. पण सणावारालाही गावी जाताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

हे सर यंदा दिवाळी तोंडावर आली असताना माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, एक जाहिरात आणलीय." मी उडालेच. जाहिरात आणणं हे त्यांच्या दृष्टीने हलकं काम! तिसगावच्या एका वसतिगृहाची जाहिरात होती. ते भोसले बाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका चालवतात. त्या कोरडवाहू भागातली घरंच्या घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. टोळीचा ट्रक दारात आला की आईबापांबरोबर पोरंही चढतात आणि शाळा तिथेच सुटते. मागे राहिलेल्या पोरांना बाई सांभाळतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात होतं, 'तुम्ही कामाला जा. पोरांना शाळेत राहू द्या.' मजकूर सरांनीच लिहिला होता. मालकांशी भांडून ती फुकट चालवायचं कबूलही करून घेतलं होतं.

"ठिकाण फक्त तिसगाव आणि आजूबाजूच्या वाड्या," ते म्हणाले. "पुण्यातल्या माणसाला हिचा काय उपयोग? एकही पान वाया जायला नको."

जाहिरात सुरू झाली आणि ती कुणालाच दिसली नाही. सर्व्हरवर आकडा शून्य. दुसऱ्या दिवशीही शून्य. तारीख बरोबर, ठिकाण बरोबर, माप बरोबर, वजन तर पिसासारखं. मला कुठली बुद्धी झाली कोण जाणे, मी म्हणाले, "मग तुम्ही खोटं बोलताय, सर." सगळं ऑफिस हसलं. सर हसले नाहीत. त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "मॅडम, तिसगावला जायचंय. ट्रक दोन दिवसांत लागतील. तुम्हीही चला." बसस्टँडपलीकडे ते कधी कुठल्या जाहिरातीसाठी गेले नव्हते. मी मुकाट्याने पाथर्डीच्या एसटीत बसले.

तिसगावला आठवडी बाजार भरला होता. सर थेट बाजारात घुसले. "जरा मोबाईल द्या हो, दोन मिनिटं." मेथीवालीचा घेतला, दोरखंडवाल्याचा घेतला. आमच्या साईटवर एक आतलं पान आहे. ते उघडलं की सर्व्हर तुम्हाला कुठल्या गावचा समजतो ते कळतं. मेथीवालीच्या मोबाईलवर आलं, पुणे. दोरखंडवाल्याच्या, पुणे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मोबाईलवरही पुणेच.

"मी पुन्यात हाय?" म्हातारा म्हणाला. "बरं झालं की! तिथल्या पोराला सांगतो, माझ्यापायी मोठी खोली बघू नगं, मी आधीच आलोय."

माणसं हसली. सर तसेच उभे. मोबाईल कंपन्यांचं जाळं असं असतं की तिसगावात बसून बातमी वाचणारा माणूस सर्व्हरला पुण्यातून आल्यासारखा दिसतो. सर्व्हरच्या लेखी तिसगावात कुणी राहतच नव्हतं. आणि पुण्याच्या माणसाला दाखवायची नाही, असं वाढप्याला बजावलं होतं ते सरांनीच.

"ठिकाण," सर हळूच म्हणाले. "दुसरा नाका. माझीच चूक." इतक्या वर्षांत 'माझी चूक' हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

मग मात्र ते नेहमीचे गर्जे सर झाले. ऑफिसला फोन लावला आणि भर बाजारात ओरडून सांगायला लागले. "ठिकाणाचं कुंपण काढा! माणूस कुठं आहे ते बघू नका, काय वाचतोय ते बघा. पाथर्डी तालुक्याची बातमी उघडली की आपली जाहिरात. प्रत्येक बातमीत! तीनदाची अटही काढा! बाकीच्यांना बसू द्या जरा वेळ!" थोड्या वेळाने मेथीवालीने मोबाईल वर धरला. 'तुम्ही कामाला जा. पोरांना शाळेत राहू द्या.' मी टाळ्याच वाजवल्या.

सरांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी मला बाजाराच्या कडेला, एका बाभळीखाली नेलं. शाळेमागे एक वस्ती होती. त्यातलं पत्र्याचं, निळ्या दाराचं घर दाखवत म्हणाले, "तिथं जाऊन या. जाहिरात दिसते का विचारा. माझं नाव काढू नका."

"कुणाचं घर?"

"बहिणीचं." मग एकदम सगळं बोलून गेले. शोभाची मुलगी ऋतुजा आठवीत आहे, हुशार आहे, आणि दर दिवाळीनंतर तिला उसाच्या फडात नेतात. तीन वर्षांपूर्वी सरांनी दाजींना चार माणसांत सुनावलं होतं, पोरीच्या हातात कोयता देता, लाज वाटत नाही का? तेव्हापासून त्या घरात त्यांचा फोन उचलत नाहीत. "मजकूर बरोबर होता, मॅडम. पाठवणारा चुकीचा. माझ्याकडून गेलेली गोष्ट त्या दारातून आत जात नाही. म्हटलं, जाहिरात होऊन जावं."

हसावं की रडावं ते कळेना. एका घरापर्यंत पोचायला या माणसाने अख्ख्या तालुक्याला जाहिरात दाखवायला घेतली होती.

निळ्या दारात शोभाताई पोत्यात पातेली भरत होत्या. ऋतुजा तवा पुसून देत होती. खाटेवर दाजी मोबाईलवर आमच्याच साईटवरची, तालुक्यातल्या कारखान्याची बातमी वाचत बसले होते. मी वसतिगृहाच्या जाहिरातीचं विचारलं.

"मघाधरनं तीच येतीय," दाजी म्हणाले. "वर बी तीच, खाली बी तीच. तुमी तिथल्या का, ताई?"

मी म्हटलं, जाहिरात आमची, वसतिगृह भोसले बाईंचं.

दाजींनी मोबाईल खाली ठेवला. "पोरींना येगळी खोली हाय का? रातच्याला बाईमानूस ऱ्हातं का तिथं? ताप आला तर दवाखान्यात कोन नेतं? आन् आमाला रोजच्याला फोन करू देत्यात का?" मी उत्तरं द्यायला लागले आणि मध्येच थांबले, कारण मला माहीत नव्हतं. बाईंनाच फोन लावून दिला. दाजींनी एकेक प्रश्न पुन्हा विचारला. बाईंनी एकेकाचं नीट उत्तर दिलं. फोन ठेवून दाजी म्हणाले, "लाज वाटत न्हाई का म्हनायला समदे येतेत, ताई. पोरगी कुनाच्या भरवशावर ठिवायची, ते कुनी सांगत न्हाई." मग लेकीकडे न बघताच म्हणाले, "हिचं सामान येगळं बांधा. उद्या सोडून येतो."

ऋतुजाच्या हातातला तवा तसाच राहिला. शोभाताई चुलीकडे गेल्या. चहा झाला. त्यांनी सगळ्यांना दिला आणि आणखी एक कप माझ्या हातात ठेवला.

"त्यो तिकडं बाभळीखाली उभा हाय, त्याला न्या. साखर जास्त घातलीय."

मी दाजींकडे पाहिलं. ते चहा फुंकत बसले होते. त्यांनी नाही म्हटलं नाही.

सर बाभळीखाली उभे होते, मोबाईल हातात, पण स्क्रीन बंद. मी सगळं सांगितलं, दाजींचे प्रश्नही सांगितले. "हे मी त्यांना कधी विचारलंच नाही," ते म्हणाले, "काय अडलंय म्हणून. दुनियेला विचारतो." मग चहा प्यायले. डोळे भरले होते ते त्यांनी लपवले नाहीत. रिकामा कप त्यांनी माझ्यापुढे धरला.

"कप मी नेणार नाही, सर," मी म्हटलं.

अनोळखी माणसाकडे हात पसरायला न लाजणारा हा माणूस त्या चार पावलांना घाबरला होता. एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग कप दोन्ही हातांत धरून निघाले. दारात जाऊन उभे राहिले. दाजींनी वर पाहिलं. मग ते खाटेवर थोडे बाजूला सरकले.

सर बसले. ऋतुजाने त्यांच्या हातातून कप घेतला. नगरची एसटी फाट्यावर येऊन थांबली, हॉर्न वाजवून निघूनही गेली. मी त्यांना हाक मारली नाही.