श्वास धरविला, सोडविणे राहिले

श्रीधन्वंतरी कृपावंत असोत. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, वैद्यविद्येचे राज्यी जे घडले ते बाळगोपाळांस कळावे म्हणोन लिहिले ऐसे जे:

त्या राज्यी हेरंबराव ताम्हणे नामे विद्यार्थी होते. लेखी परीक्षेचा गड दोन वेळ हातचा गेला, तिसरे वेळेस कसाबसा सर केला, आणि मग प्रात्यक्षिकाचे मैदानी उतरले. रोगी आनंदीबाई होत्या. हेरंबरावांनी छातीस नळी लाविली आणि आज्ञा केली, "बाई, श्वास रोखून धरा." बाईंनी धरिला. मग हेरंबराव हृदयाची कुरकुर, जिला डॉक्टर लोक मर्मर म्हणती, ऐकोन बहुत हर्षले आणि परीक्षकांस तिचे वर्णन करू लागले. कारणे सांगितली, प्रकार सांगितले, उपप्रकार सांगितले, आणि 'सोडा' म्हणावयाचे साफ विसरले. बाई आज्ञाधारक. मुख आधी तांबडे, मग जांभळे जाहले. अखेर बाई उसळल्या, बांगड्यांसुद्धा हात हेरंबरावांचे पाठीत घातला आणि गर्जल्या, "मेल्या, श्वास सोडू का जीव सोडू?" हेरंबराव नापास जाहले. मग वसतिगृही जो भेटे तो गाल फुगवी, डोळे फिरवी आणि पुसे, "सरकार, सोडू का?" फिरोन नापास जाहल्यास सोबती पुढे जाणार, आपण मागे राहणार, या धास्तीने त्यांची अन्नावरील वासना उडाली.

मग ते टिपणीसबाईंकडे गेले. या वृद्ध अध्यापिका. एकच गोष्ट दहा वेळ शिकविली तरी आवाज चढत नसे. "बाई, मी ढ आहे," हेरंबराव म्हणाले. बाई हसल्या. "ढ नाहीस रे बाळा. तू हुकूम सोडतोस आणि माणसाला विसरतोस. आजपासून रोग्याला जे करायला सांगशील, ते तूही करायचंस." आणि मग हेरंबराव वॉर्डात फिरो लागले. जीभ दाखवा म्हणत आणि स्वतःची काढीत. खोका म्हणत आणि स्वतः खोकत, तो शेजारील खाटाही खोकू लागत. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच अॅडमिट व्हा ना!"

परीक्षेचा दिवस उगवला. परीक्षक घोलपसाहेब, मुद्रा संवत्सराचे नावास साजेशी. रोगी गेनूमामा, व्यवसाय पुसता म्हणाले, "वरातीत क्लॅरिनेट वाजवतो." हेरंबरावांनी नळी लाविली. "मामा, श्वास रोखा. मीही रोखतो." दोघांनी रोखिला. घोलपसाहेब वदले, "काय ऐकू येतंय? बोला की!" परंतु श्वास रोखिला असता व्याख्यान कैसे व्हावे? हेरंबरावांनी हातानेच थांबा म्हणोन विनविले आणि निमूट ऐकत राहिले. मामा ढिम्म. घोलपसाहेब टक लावोन पाहतात. हेरंबरावांचे डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि मग प्राणांतिक स्वरे ओरडले, "सोडा!"

मामा म्हणाले, "इतक्यात? आमचं कडवंसुद्धा होत नाही एवढ्यात."

तोच पाठीमागे भात्यासारखा मोठा सुस्कारा जाहला. पाहतात तो घोलपसाहेब, मुख जांभळे, खुर्चीस धरोन उभे. म्हणाले, "अहो, जरा लवकर म्हणायचं!"

मग हेरंबरावांनी आधी साहेबांस पाणी दिले, मामांस बरे वाटते का पुसिले, आणि नंतर कुरकुरीचे वर्णन थोडक्यात केले. उत्तम गुणे पास जाहले.

तात्पर्य, गड आला तो एका शब्दाने. टिपणीसबाईंस वर्तमान कळताच बाईंनीही, इतके दिवस धरिलेला, श्वास सोडिला.