कराचीचं बाकडं

आमच्या शेजारच्या दाजींच्या पडवीत एक लांब बाकडं आहे. त्यावर चुन्याच्या रेघा ओढून चार जागा केलेल्या. दाजी स्वतः उंबऱ्यावर बसतात आणि बाकड्यावर कुणाला टेकू देत नाहीत.

मासे विकणारी सरूबाई एकदा पाटी उतरवून बसली, तर हे म्हणतात, "उठ गो, पारश्याच्या मांडयेर बसलंस."

सरूबाईने मागे वळून नीट पाहिलं. "बरो आसा तुझो पारशी. हूं नाय, चूं नाय," म्हणाली आणि तिथेच निवांत पान लावलं.

दाजी फाळणीआधी कराची बंदरात कामाला होते. चाळीत एका बाजूला पारशी पेस्तनजी, दुसऱ्या बाजूला सिंधी होतचंद, पलीकडे मेमन इस्माइलभाई, कोपऱ्यात गोव्याचा मिंगेल. संध्याकाळी सगळे एकाच बाकड्यावर. दाजींच्या बांगड्याच्या तिखल्यासाठी इस्माइलभाई वाटी घेऊन ताटकळायचे. भांडणंही तिथेच. "गाळयो ज्येच्या त्येच्या भाशेत. म्हणान कोणाक लागल्यो नाय," दाजी सांगतात.

पुढे देश तुटला, चाळ पांगली. निघताना दाजींनी चौघांनाही सांगितलं, "मालवणाक येवा. दाजीचा घर कोणय दाखयत." आणि इथे आल्या आल्या सुताराकडून हे बाकडं करून घेतलं. ही सगळी चाळ दाजींनी मनातच बांधली असावी, असं मला वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात खांद्यावर गाठोडं घेतलेला एक सिंधी कापडवाला आला आणि नेमका होतचंदच्या जागी बसला. आता दाजी त्याला उठवणार म्हणून मी मजा बघायला थांबलो. ते त्याच्याशी चक्क सिंधीत बोलू लागले, भराभर, श्वास न घेता. मला त्यातलं 'होतचंद' तेवढं कळत होतं.

कापडवाल्याने मान हलवली. माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाला, "बाबूजी, हम शिकारपुर के. कराची तो सिर्फ जहाज पकड़ने गए थे."

दाजींनी त्याला कोकमाचं सरबत दिलं, गरज नसताना एक पंचा घेतला आणि त्याला वळणापर्यंत पोचवून आले. मग तो पंचा मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसले. मला फार वाईट वाटलं.

"मास्तर, बस रे खंय पण," ते मला म्हणाले. "आता कोण येवचो नाय."

मी होतचंदच्या जागी टेकलो. शेजारची जागा मिंगेलची. दाजी त्या जागेकडे बघून हळूच म्हणाले,

"वायच सरकान बस. मिंगेल जाडो."