बोक, ओ. (१९९४)

नीन्के आरशासमोर केसांत पिना खोचत होती. तासाभरात विद्यापीठाच्या सभागृहात तिच्या पीएचडीची जाहीर तोंडी परीक्षा सुरू व्हायची होती. धाकटी बहीण वीत्स्के पलंगावर लोळत ताईचा छापील प्रबंध जन्मात पहिल्यांदा चाळत होती, तोही मागून, कारण पुढून वाचलं की झोप येते असं तिचं म्हणणं होतं.

"ताई, हा बोक कोण गं? पानापानावर आहे मेला."

नीन्केच्या हातातली पिन हातातच राहिली.

डच भाषेत बोक म्हणजे बोकड. डच माणूस काटकसरी, अक्षरंसुद्धा वाचवतो. आणि हा बोकड म्हणजे साक्षात प्रोफेसर दाउवे तेर्पस्त्रा. हनुवटीला तशीच दाढी, आणि दुसऱ्याच्या संदर्भसूचीत शिंगं खुपसायची खोड. तुम्ही संशोधनात काय दिवे लावलेत ते हे गृहस्थ नंतर बघणार. आधी मागची पानं उघडून कुठे स्वल्पविराम सुटलाय, कुठे सालाला कंस नाही, ते हुडकणार. नीन्केचा पहिला लेख त्यांनी एका आद्याक्षरापुढे टिंब नाही म्हणून परत धाडला होता.

त्याच संध्याकाळी ती नेमका तेर्पस्त्रांच्याच एका लेखाचा संदर्भ कॉम्प्युटरमध्ये भरत होती. डोकं फिरलेलं. लेखकाच्या रकान्यात तिने 'ओउडे बोक', म्हणजे म्हातारा बोकड, असं ठोकून दिलं. नंतर बदलू म्हणाली, आणि विसरली. संदर्भ लावून देणाऱ्या त्या प्रोग्रॅमला बापड्याला काय कळतंय? त्याने बोकडाचं आडनाव केलं, म्हाताऱ्याचं आद्याक्षर केलं, पुढे टिंब दिलं, साल कंसात घातलं आणि सगळं सूचीत झकास बसवलं. मार्गदर्शक बाईंनी सूची तपासली. स्वल्पविराम जागच्या जागी होते, त्यामुळे बाई खूश. पुस्तक छापलं गेलं आणि परीक्षकांच्या घरोघरी पोचलं.

"आणि तो म्हातारा आज परीक्षेला आहे?" वीत्स्केने विचारलं.

"शेवटचा प्रश्न त्यांचाच आहे."

वीत्स्केने उशीत तोंड खुपसून पोटभर हसून घेतलं. मग ताईचा चेहरा बघून ती उठून बसली. पाच वर्षं हीच ताई रविवार नाही, सुट्टी नाही, अशी या प्रबंधापायी राबली होती. शेतातले चर कोणी उपसायचे यावरून चारशे वर्षांपूर्वी शेजारी-शेजारी कसे भांडले, हा तिचा विषय. त्यापायी तिचं लग्नही दोनदा पुढे गेलं होतं.

"पाऊण तासच असतो ना? मग लाव पाल्हाळ," वीत्स्के म्हणाली. "त्यांची पाळीच येऊ देऊ नकोस."

सल्ला वाईट नव्हता. तिथला नियमच असा, की पाऊण तास झाला की झगा घातलेला चोपदार घुंगरांची काठी आपटत आत येतो आणि 'वेळ झाली' म्हणतो. त्यानंतर कोणाच्या तोंडात अर्धं वाक्य असलं तरी ते त्याने गिळायचं. शिवाय प्रत्येक उत्तराआधी परीक्षकाला 'अतिविद्वान प्रतिपक्षी' म्हणावं लागतं. सभागृहात नीन्केने ते आज इतकं सावकाश म्हणायला सुरुवात केली, की मागे करवलीसारख्या उभ्या असलेल्या वीत्स्केला जांभई आली.

पहिल्या दोन प्रश्नांत अर्धा तास निघाला. मग उठले गेंटहून आलेले प्रोफेसर लँब्रेख्त. एखादं पुस्तक आपण वाचलेलं नाही, हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी प्राण दिला असता. ते म्हणाले, प्रबंधाचा कणा म्हणजे बोक यांचं चिंतन, तर त्याबद्दल जरा विस्ताराने सांगा.

नीन्केने सांगितलं. न सांगून करते काय? बोक एकांतप्रिय होते, फारसे कोणात मिसळत नसत, वगैरे.

"होय, होय. मी भेटलोय त्यांना," लँब्रेख्त मान हलवत म्हणाले. "भला माणूस. गेले बिचारे."

आता याला काय म्हणणार? "फार वाईट झालं," नीन्के म्हणाली. कोपऱ्यात तेर्पस्त्रांची पेन्सिल भराभर चालत होती.

आणि तरीही त्यांची पाळी आलीच. ते उठले, प्रबंधाचं शेवटचं पान उघडलं, चष्मा पुसला. नीन्केला वाटलं, संपलं सगळं.

"विदुषी उमेदवार, बोक यांचा हा लेख मी वाचलाय. फार बारकाईने वाचलाय. किंबहुना तो..."

घुंगरं वाजली. चोपदार म्हणाला, वेळ झाली. तेर्पस्त्रांनी वाक्य गिळलं.

परीक्षक विचारविनिमयाला आत गेले ते बाहेरच येईनात. एवढा वेळ कधी लागत नाही, असं मार्गदर्शक बाईंच्या नवऱ्याने नेमकं तेव्हाच सांगितलं. नीन्के रडायच्या बेतात होती. वीत्स्केने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. शेवटी दार उघडलं, आणि नीन्केच्या हातात लाल लाखेची मोहोर असलेलं पदवीपत्र पडलं. एकमताने.

नंतरच्या पार्टीत तेर्पस्त्रा हातात जिनचा पेला घेऊन थेट तिच्यापाशी आले. तिने माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हाताने थांबवलं.

"आत उशीर का झाला माहितीये? लँब्रेख्तने बोकसाठी एक मिनिट शांतता पाळायला लावली. सगळे उभे राहिले. मीही राहिलो."

"सर, तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"काय सांगू? मी जिवंत आहे म्हणून?" त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "तीस वर्षं पोरं मला पाठीमागे बोकड म्हणतायत, पोरी. पान क्रमांकासकट म्हणणारी तू पहिलीच."

त्यांनी पेला रिकामा केला आणि जाता जाता वळून म्हणाले, "टिंब बरोबर दिलंस यावेळी."