बारा चितळांची हजेरी

"मी हजेरी घ्यायला बसलो की मुंगीची सुद्धा दांडी मारायची टाप नाही!"

जयरामराव गांगुर्डे हे ऐटीत म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं. नाशिक रोडच्या एका कचेरीत वीस वर्षं त्यांनी माणसांना लेटमार्क दिले. त्याचा वीट आला, म्हणून ब्याऐंशीच्या पावसाळ्यात ते दर रविवारी त्र्यंबक रस्त्यावरच्या हरणांच्या उद्यानात फुकट सेवेला जायला लागले. आणि तिथेही गड्याने काय करावं? बाराही चितळांची हजेरी सुरू केली! वहीत, लाल शाईने, दुपारी ठीक चार वाजता.

त्या रविवारी झड लागलेली. बघायला चिटपाखरू आलं नव्हतं. रखवालदार लहानूला हरसूलच्या बाजाराला जायचं होतं, पण त्याचा पाय निघेना.

"सायेब, उद्या मोठे सायेब मोजायला येनार. एक जरी कमी भरलं ना, तर मला कायम करायचं राहिलं, घरी बसवतील!"

"अरे, तू बिनघोर जा! मी आहे ना!"

लहानू गेला. चार वाजले. जयरामरावांनी मोजलं. अकरा! चष्मा पुसून मोजलं. अकरा! उलट बाजूने मोजलं, तरी मेली अकराच!

बिचाऱ्या लहानूच्या पोटावरच आपण पाय दिला की! छत्री उचलून ते कुंपणाच्या आत धावले, आणि घाईत फाटक सताड उघडं टाकलं. दोनदा घसरले, एक चप्पल चिखलाने गिळली. "या हो बाई, या!" अशा हाका मारत ते पार मागच्या टोकाला, उंच गवतापाशी पोचले आणि जागच्या जागी थबकले.

गवतात बारावी उभी होती. तिच्या पायाशी ओलं, लुकलुकत्या डोळ्यांचं, जेमतेम मांजराएवढं पाडस! ती त्याला चाटत होती. पाडस उठलं, कोलमडलं, पुन्हा उठलं. त्या इवल्याशा अंगावर पांढरे ठिपके अगदी आईसारखे!

जयरामरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. वीस वर्षांत इतक्या जणांना हजर मांडलं, पण कुणी असं नव्याने जगात हजर होताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले. ते तसेच मागे सरकले आणि भिजत उभे राहिले. छत्री उघडायचं भानच नव्हतं!

इतक्यात पाठीमागून आरडाओरडा झाला. "ओ सायेब! तुमची जनावरं माझ्या वालात शिरली ना! समदा वाल खाल्ला!"

शेजारच्या शेतातल्या भागीबाई हातात काठी घेऊन, अकराही चितळं हाकत फाटकातून आत येत होत्या.

"श्शऽऽ!" जयरामरावांनी गवताकडे बोट केलं.

भागीबाईंनी वाकून पाहिलं. काठी खाली आली. "अगं बया! बाळंतीन हाय व्हय!" त्यांनी हळूच जाऊन फाटकाची कडी लावली आणि पदर डोक्यावर घेऊन त्याही बघत उभ्या राहिल्या. वालाचं नाव नाही!

सोमवारी जयरामराव रजा टाकून हजर. मोठ्या साहेबांनी मोजलं, तेरा भरली. साहेब खूश! पण येताना त्यांनी वालाची दशा पाहिली होती.

"लहानू, फाटक कुणी उघडं टाकलं?"

लहानूचा चेहरा पांढरा पडला. जयरामराव पुढे झाले. "मी, साहेब. हा तर बाजाराला गेला होता, तोही मीच पाठवला म्हणून."

महिन्याभरात लहानू कायम झाला. जयरामरावांना मात्र त्याच सोमवारी लेखी हुकूम मिळाला: पुढचे चार रविवार त्यांनी कुंपणाबाहेरूनच सेवा करावी!

पुढच्या रविवारी ते चिंब भिजून घरी आले तेव्हा त्यांची बायको सुलाबाई वैतागल्या. "आत जायची बंदी, मग दिवसभर केलंत तरी काय?"

"काही नाही गं," जयरामराव ओशाळून म्हणाले, "नुसता बघत होतो. हजेरी घ्यायचीसुद्धा राहिली!"