तात्यांचा मिसकॉल

महिपततात्यांचा फोन आला तर उचलायचा नाही. उचलला की ते रागावतात. "उचलला कशाला? लाईट आली येवढंच सांगायचं हुतं," असं ओरडून फोन आपटतात. सांगायचं ते सगळं सांगून झालेलं असतं, पण हे त्यांच्या लक्षात आणून द्यायची आमच्यात कुणाची छाती नाही.

आमच्या गावी, पणदऱ्यात, आमच्या उसाला लागून तात्यांचं रान. शेतीची लाईट तेव्हा एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असायची. तीही सांगितल्या वेळेला येईल तर ती लाईट कसली! डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, सगळ्यांत जवळ तात्यांची मोटारखोली. तिच्या दाराशी त्यांनी एक बल्ब टांगलेला. तो पेटला की तात्यांनी सगळ्या शिवाराला मिसकॉल द्यायचे, असा नेमच होता. एक रिंग म्हणजे आली. दोन म्हणजे गेली. तीन म्हणजे एक फेज नाही, मोटार लावाल तर जळेल. मोबाईल नव्हते तेव्हा ते बांधावर उभे राहून हाळी द्यायचे, आणि ती कॅनॉलच्या पलीकडं ऐकू जायची म्हणतात. मोबाईल आला तेव्हा त्यांचा घसा सुटला आणि बोट अडकलं.

लाईटबद्दल ते घरातल्या माणसासारखं बोलत. व्होल्टेज कमी असलं की "आज रुसल्याय." सारखी ये-जा करायला लागली की "म्हायेरी चित्त हाय तिचं."

एकदा पुतण्याच्या लग्नाला भवानीनगरला गेले. मंगलाष्टकं चालू असताना हॉलची लाईट गेली, अक्षता अंधारातच पडल्या, आणि थोड्या वेळानं झगमगाट झाला. तात्यांचं बोट सवयीनं खिशात गेलं. इकडं पणदऱ्यात निम्मं शिवार मोटारी चालू करायला धावलं, तर लाईटचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी सगळे भांडायला गेले तेव्हा तात्या शांतपणे म्हणाले, "आली हुती की. भवानीनगरची."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी सहसा सांगत नाही.

मी बारामतीच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत विक्री बघतो. आमची कंपनी एक डबा बनवते. तो स्टार्टरला जोडला की लाईट आल्यावर तिन्ही फेज स्वतःच तपासतो, मोटार चालू करतो आणि मालकाच्या मोबाईलवर मेसेज पाठवतो. कुठल्या फीडरवर, म्हणजे गावाकडं जाणाऱ्या कुठल्या वीजवाहिनीवर, किती भार आहे, ते आम्हाला ऑफिसात पडद्यावर दिसतं. पहिले डबे मी माझ्याच शिवारात बसवले. पुढं सोलरची दिवसाची लाईट आली आणि लोकांनी रानात थांबायचं सोडलंच. आधी डीपीपाशी तात्यांच्या बाजेवर लाईटची वाट बघत सगळे जमायचे. शेंगा फोडत कारखान्याच्या निवडणुकीपासून सोयरिकीपर्यंत सगळं तिथंच ठरायचं. आता घरी चहा पितापिता मोटार चालू होते.

आणि तात्यांचे मिसकॉल चालूच. "डबडंच ते. इसरलं तर?" कुणी त्यांना तोंडावर नको म्हणून सांगितलं, कुणी न सांगताच नंबर ब्लॉक केला. मीटिंगमध्ये वाजतो म्हणून मीही त्यांची रिंग मुकी करून टाकली.

गेल्या हिवाळ्यात आफ्रिकेतल्या एका देशाच्या वीज खात्याची माणसं आमचा डबा बघायला आली. तिकडं खेडोपाडी आत्ता कुठं तारा पोचताहेत, मोठी ऑर्डर मिळणार होती. प्रात्यक्षिक अर्थातच आमच्या शिवारात. तात्या इस्त्रीची टोपी घालून आले आणि जावयाच्या वरातीत उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. पाहुण्यांतल्या इंजिनिअर बाईंनी सगळं नीट बघितलं आणि मला इंग्रजीत विचारलं, हा डबा येण्याआधी लाईट आल्याचं शेतकऱ्यांना कोण सांगायचं?

तात्या माझ्या शेजारी उभे होते. नुसता हात केला असता तरी चाललं असतं. पण एक म्हातारा हे काम फुकटात करतो म्हटल्यावर डबा कोण घेणार?

मी म्हणालो, कुणीच नाही. लोक नुसते वाट बघत बसायचे.

बाईंनी मान डोलावली. तात्यांनी हळूच विचारलं, "काय इचारलं रं, बाईनं?" मी म्हणालो, "गाव छान आहे म्हणाल्या." तात्या इतके खूश झाले की जो भेटेल त्याला पुढं कितीतरी दिवस ते सांगत होते.

ऑर्डर आली. मी पेढे घेऊन तात्यांकडं गेलो. ते घरी नव्हते, मोटारखोलीत होते. बाहेर भर उन्हात बल्ब जळत होता. त्या खोलीत मी कैक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. आत बाज होती, पाण्याचा तांब्या होता. मोटार नव्हती. स्टार्टरच्या जागी भिंतीला नुसती भोकं, आणि एकच वायर छतावरून बाहेरच्या बल्बाकडं गेलेली.

"तात्या, मोटार?"

"पुतण्यानं नेली. रान त्योच बघतोय आता. लई दिस झालं."

"मग लाईट आलेली तुम्हाला कशाला कळायला हवी?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काही खुळ्यासारखं विचारलंय. "मला कशाला? तुमाला लागती की."

मी बाजेवर टेकलो आणि सांगून टाकलं. बाईंनी काय विचारलं होतं, मी काय उत्तर दिलं. मग त्यांची रिंग मुकी केल्याचंही सांगितलं. तात्या पेढा चघळत राहिले. त्यांना दात कमी आहेत, वेळ लागतो.

"बरुबर हाय," ते म्हणाले. "नवा बैल इकताना जुन्याचं गुण कोण सांगतंय?"

मला वाटलं, संपलं. मी उठलो, तसं त्यांनी विचारलं, "तितं बी आसंलच की कोणतरी. लाईट आली म्हणून सांगणारा. त्येचं काय करनार तुमी?"

पेढ्यांचा बॉक्स बाजेवर ठेवून मी निघून आलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पणदऱ्याचा फीडर पडद्यावर हिरवा झाला आणि पाठोपाठ फोन वाजला. रिंग मी आदल्या दिवशीच पुन्हा सुरू केली होती. पहिलीच रिंग संपायच्या आत मी फोन उचलला.

"आली," तात्या म्हणाले. आणि मग, "उचलायचा न्हाय म्हणून किती येळा सांगितलंय तुला?"

आवाज रागाचाच होता. पण फोन त्यांनी आपटला नाही. पलीकडं उसाची पानं वाजत होती, आणि तात्या नुसते धरून बसले होते. मीही ठेवला नाही.