ॲथलोनमध्ये काऊबर्ड आढळत नाही

घर बांधणं आणि मूल वाढवणं ही दोन्ही कामं एकाच जोडप्याने करावीत, असा नियम निसर्गाने कुठेही केलेला नाही. तो माणसांनी केला, आणि म्हणून माणसंच तो पाळत नाहीत. निसर्गाचा कारभार अधिक सुटसुटीत आहे. अमेरिकेत काऊबर्ड नावाचा एक पक्षी असतो. (आपल्या लहान मुलांच्या काऊशी त्याचा संबंध नाही, तो बिचारा कोकिळेकडून स्वतःच फसतो.) काऊबर्ड गुरांच्या कळपामागे हिंडतो आणि त्यांच्या पायांखालून उडणारे किडे खातो. कळप आज इथे, उद्या तिथे. अशा फिरतीच्या नोकरीत घरटं बांधणार कधी? तेव्हा मादी पहाटे दुसऱ्याच्या घरट्यात शिरते, मिनिटभरात अंडं घालते, जागा व्हावी म्हणून तिथलं एखादं अंडं उचलून बाहेर टाकते आणि कामावर रुजू होते. पुढचं सगळं घरटेमालक बघतो. हा घरटेमालक पुष्कळदा वटवट्या नावाचा एक लहानखुरा, कष्टाळू, मध्यमवर्गीय पक्षी असतो.

काऊबर्ड आयर्लंडमध्ये आढळत नाही. तरीही त्याच्यावरचं एक महत्त्वाचं संशोधन तिथल्या ॲथलोन या गावात चालतं, कारण संशोधक उपेंद्र तिथे राहतो. तो पुण्याहून शिकायला आला आणि राहिला. तो पक्षी त्याने प्रत्यक्ष कधी पाहिलेला नाही. अमेरिकेतले लोक पहाटे उठून चिखलात बसतात, घरटी मोजतात, डास चावून घेतात आणि आपल्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवतात. त्या नोंदींवरचे शोधनिबंध मात्र ॲथलोनमध्ये उपेंद्रच्या नावाने पंख पसरतात. या व्यवस्थेत काही ओळखीचं आहे असं त्याला वाटलं नाही. संशोधकाने विषयापासून अंतर राखावं म्हणतात; त्याने अख्खा अटलांटिक राखला होता.

उपेंद्रची बायको रेवती टेलिकॉम कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, मुलगा ध्रुव पाच वर्षांचा. त्यांच्यापासून चार दारं सोडून नागपूरची शुभदा राहते. तिचा नवरा अनीश डब्लिनजवळ क्लोनडॉकिनच्या एका कंपनीत आहे. आठवड्यातले दोन दिवस तो तिथे जातो आणि उरलेले तीन दिवस कानाला हेडफोन लावून घरातच बाहेरगावी असतो. त्यांची मुलगी ज्ञानदा ध्रुवच्याच वर्गात. ॲथलोनमधल्या त्या शाळेचे लहान वर्ग दुपारी दीडच्या सुमारास सुटतात आणि ऑफिसं साडेपाचला. मधल्या वेळात मूल कुठे असतं, याबद्दल दोन्हीकडे सभ्य मौन पाळलं जातं. पाळणाघरं आहेत. पण तिथल्या प्रतीक्षायादीत मुलाचं नाव घालायचं तर ते नाव ठेवण्याच्या आधी घालावं लागतं. दूरदृष्टीचे लोक लग्न ठरायच्या आधीच घालतात.

गेल्या वर्षी शाळा सुरू झाली त्या आठवड्यात रेवतीला अचानक मीटिंग आली. तिने शुभदाला फोन करून विचारलं, ध्रुवला जरा अर्धा तास ठेवशील का. शुभदा म्हणाली, "हो, येऊ दे ना." तो अर्धा तास अजून संपलेला नाही.

ध्रुवसोबत एक पिशवी आली. तीत एक जाकीट, एक सफरचंद, एक पाण्याची बाटली आणि 'त्याला काहीही चालतं' हे आश्वासन एवढा ऐवज होता. आश्वासन शंभर टक्के खरं निघालं. काऊबर्डचं पिल्लू घरट्यातल्या इतरांच्या आधी अंड्यातून बाहेर येतं, अंगाने थोराड असतं आणि चोच सर्वांत मोठी उघडतं. वटवट्याचा हिशेब साधा: मोठी चोच, आधी किडा. ध्रुव थालीपीठ खाई, वरणफळं खाई, दोडक्याच्या शिरांची चटणी मागून खाई. ज्ञानदा टोस्टचा एक कोपरा कुरतडून उरलेला परत करी. शुभदाच्या हाताला चव होती हे त्या घरात पाच वर्षांत प्रथमच कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि तो कुणीतरी चार दारं पलीकडचा होता.

भाषेचंही तेच. ज्ञानदाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती "आय'म ग्रँड, मम" असं, म्हणजे 'मी मजेत आहे, आई' असं, मध्य आयर्लंडच्या अस्सल हेलात देते. ध्रुवही शाळेतून आला तेव्हा तसाच बोलत होता. मात्र या घरात मराठीत मागितलं की दुप्पट मिळतं हे त्याने आठवड्यात हेरलं. मग तो खुर्चीवर चढून आत डोकावे आणि सांगे, "काकू, प्रेसमधला चिवडा संपत आलाय हं." (आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, इस्त्रीशी संबंध नाही.) शुभदा पाघळे. ती रोज वैतागे आणि रोज पाघळे. या दोन क्रिया एकाच वेळी करता येतात, हे आईपणाचं मूलभूत कौशल्य आहे आणि त्यासाठी मूल स्वतःचं असावं लागत नाही.

असं सगळं सुरळीत चालू असताना यंदा ऑक्टोबरात शुभदाला नोकरी मिळाली. एका इन्शुरन्स ऑफिसात, पूर्ण वेळ, पुढच्या सोमवारपासून. लग्नाआधी ती नागपुरात सॉफ्टवेअर तपासायची. ज्ञानदा झाल्यापासून घरी होती. दरम्यान तिने इतके अर्ज केले होते की नकाराच्या ईमेल ती मायना वाचून ओळखे. ही नोकरी तिला मनापासून हवी होती. ती मिळाल्याचं वाचून ती मोरीत जाऊन रडली होती आणि मग तोंड धुऊन पोहे केले होते.

अडचण एकच होती. ज्ञानदा शाळेतून आल्यावर तीन दिवस अनीशच्या नजरेखाली चित्रं काढत बसली असती, आणि उरलेल्या दोन दिवसांपुरती शाळेतल्या क्लबात एक जागा होती. एक. ध्रुवचं काय, याचं उत्तर फक्त रेवतीला सांगणं हे होतं. पण सांगायचं कसं? मराठी माणूस कड्यावरून उडी मारील, पण तोंडावर नाही म्हणणार नाही. (इथल्या मराठी मंडळाच्या एका अनौपचारिक पाहणीनुसार शंभरातल्या एकशे चार जणांनी 'नाही म्हणता येतं का' या प्रश्नाला 'हो' असं उत्तर दिलं, कारण विचारणाऱ्याला नाही कसं म्हणायचं.) अनीशचा सल्ला घेतला तेव्हा त्याने हेडफोनचा एक कान उचलून "बघू" असं सांगितलं. नागपुरातल्या आईने व्हिडिओ कॉलवर वेगळा सूर लावला. "काहून सहन करून राहिली तू? सरळ सांगून दे ना बाप्पा." ज्या बाईने स्वतःच्या घरी आठवडाभरासाठी आलेल्या आतेदिराला तीन वर्षं जेवू घातलं, तिने हे सांगावं याचं शुभदाला कौतुक वाटलं.

शेवटी तिने आपल्या संस्कृतीतला सिद्ध उपाय योजला: लेकी बोले सुने लागे. सासूने सुनेला टोमणा मारायचा तो लेकीला उद्देशून मारायचा, म्हणजे लागतो सुनेला आणि भांडण होत नाही. शुभदाने त्यात एक सुधारणा केली. टोमणा आपण मारायचाच नाही. ज्याला लागायचा त्याच्याकडूनच मारून घ्यायचा. तिने मंडळाचे अध्यक्ष नरेंद्र यांना सुचवलं की यंदा कोजागरीला उपेंद्रचं त्याच्या पक्ष्यावर व्याख्यान ठेवावं. स्वतःच्या तोंडाने सगळं बोलल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडल्याशिवाय कसा राहील, असा तिचा कयास होता. ज्याने पाच वर्षं एका विषयात घालवली आहेत, त्याला तो विषय समजलेला असतो, ही तिची एकमेव चूक.

कोजागरी शनिवारी दुपारी चारला साजरी झाली, कारण हॉल सहापर्यंतच मिळतो. ढगाआडच्या चंद्राची सोय प्रोजेक्टरवर केली होती. तो दहा मिनिटं दाखवून मसाला दुधाचा नैवेद्य झाल्यावर त्याच पडद्यावर काऊबर्ड आला, आणि हे मान्य केलंच पाहिजे की उपेंद्र सुंदर बोलला. मादी कशी लपून पाळत ठेवते, घरटेमालकाने अंडं फेकलंच तर काही वेळा परत येऊन घरटं कसं उद्ध्वस्त करते, काही वटवटे त्या अंड्यावर नवा तळ विणून पुन्हा पहिल्यापासून कसे सुरुवात करतात. हॉलमध्ये दुधाचे पेले वाजायचे थांबले. शुभदाने हळूच मागे पाहिलं. सगळ्यांचे डोळे ओलावले होते आणि प्रत्येक जण दुसऱ्या कुणाकडे तरी अर्थपूर्ण नजरेने बघत होता.

प्रश्नोत्तरांत पहिला उभा राहिला जयेश. रूम मिळेपर्यंत म्हणून तो नरेंद्रच्या घरातल्या सोफ्यावर आला होता, त्याला सव्वा वर्ष झालं. तो संतापून म्हणाला, "पण तो वटवट्या फेकून का देत नाही सर? इतका कुणाचा गैरफायदा घ्यायचा म्हणजे काय!" त्याला मंडळाच्या खुर्च्या आठवत होत्या, प्रत्येक कार्यक्रमाला नरेंद्र त्या त्याच्याकडून लावून घेई. शेजारी बसलेला नरेंद्र जोरजोरात मान हलवत होता. त्याला सोफा आठवत होता.

उपेंद्रने शांतपणे उत्तर दिलं. कारणं दोन सांगतात. एक, वटवट्याला अंडं ओळखता येत नाही. दोन, ओळखतो, पण काऊबर्डला घाबरतो. मग म्हणाला, "तिसरंही असू शकेल. लक्षात येईपर्यंत जीव लागलेला असतो. पण त्याचा डेटा नाही." डेटा त्या वेळी पहिल्या रांगेत शुभदाच्या मांडीवर बसून तिच्या पेल्यातले पिस्ते वेचत होता.

कार्यक्रम संपला. रेवती थेट शुभदाकडे आली आणि तिने तिचा हात घट्ट धरला. लागलं, शुभदाला वाटलं. आता ही माफी मागणार आणि आपण 'छे गं, त्यात काय' म्हणणार, आणि सोमवारी आपण नोकरीवर जाणार.

"शुभदा, मला अगदी रडू आलं गं," रेवती म्हणाली. "इतके दिवस कळत नव्हतं आपलं काय होतंय. आमच्या टीममधले सगळे आपापली कामं माझ्या घरट्यात टाकून जातात आणि मी येडी उबवत बसते. आता बास. सोमवारपासून मी सगळ्यांना ठाम नाही म्हणणारे. थोडी मागची कामं निस्तरावी लागतील, सातपर्यंत थांबेन. ध्रुव तुझ्याकडे असतो म्हणून ही हिंमत होते बघ."

शुभदाने नोकरीचं सांगायला तोंड उघडलं. ध्रुव तिच्या ओढणीला धरून उभा होता. तिच्या तोंडातून निघालं, "हो, येऊ दे ना."

रविवारी सकाळी ती शेजारच्या मॉरीनकडे गेली. मॉरीन सत्तरीची, एकटी; तिची नातवंडं ऑस्ट्रेलियात. शुभदाने बरोबर नारळाच्या वड्या नेल्या होत्या. आधी हवेची चौकशी झाली, मग गुडघ्याची, मग नातवंडांची. मग शुभदाने अतिशय संकोचाने विचारलं की उद्यापासून, फक्त दुसरी सोय होईपर्यंत, शाळा सुटल्यावर ध्रुव थोडा वेळ इथे बसला तर चालेल का. ज्ञानदाची तर सोय होती; पण ध्रुव इथे एकटा कसा राहील? म्हणून ज्ञानदासुद्धा. मॉरीनने एक वडी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाली की पोरं तर पोरं, ग्रँड. ही गोष्ट आणि व्याख्यानातली गोष्ट यांचा काही संबंध आहे असं शुभदाला वाटलं नाही. ही तात्पुरती व्यवस्था होती आणि शेजारधर्म होता. शिवाय तिने वड्या नेल्या होत्या; काऊबर्ड काही नेत नाही.

सोमवारी ती सहाला ऑफिसातून परतली. दिवस उत्तम गेला होता; कुणीतरी तिला तिच्या नावाने हाक मारली होती, कुणाची मम म्हणून नव्हे. मॉरीनच्या खिडकीतून दिसलं की ध्रुवच्या पुढे बटाटे आणि हॅमचं ताट आहे, ते त्याला अर्थातच चालत होतं. ज्ञानदा टेबलावर उभी राहून मॉरीनकडून "भूक लागली" हे वाक्य घोकून घेत होती, आणि म्हातारी ते चुकत माकत म्हणत हसून हसून लाल झाली होती. दाराची बेल वाजवायला उचललेला हात शुभदाने पाच मिनिटं खाली घेतला. तिला फार बरं वाटलं.

उपेंद्रने पुढे मंडळात याच विषयाची एक शास्त्रीय पाहणी केली. पक्ष्यांना प्रश्न विचारता येत नाहीत, माणसांना येतात, असा त्याचा विचार. ॲथलोनपासून कासलबारपर्यंतच्या सर्व मराठी कुटुंबांना त्याने विचारलं की या गोष्टीत आपण कोण. निष्कर्ष निःसंदिग्ध आहे: झाडून सगळे वटवटे, काऊबर्ड एकही नाही. मग ही अंडी येतात कुठून, यावर अधिक संशोधनाची गरज आहे असं त्याने शेवटी नमूद केलं आहे.

सुज्ञ वाचकाला या संशोधनाची गरज नाही. इथवर वाचता वाचता त्याला आपल्या ओळखीतला काऊबर्ड नावागावासकट दिसलेला आहे, आणि ही गोष्ट त्याला कशी वाचायला द्यावी याचा विचारही त्याने सुरू केला आहे. जरूर द्यावी. फक्त त्याआधी, ही गोष्ट आपल्याला वाचायला कुणी दिली, तेवढं आठवून पाहावं.